बंदुकीचा इतिहास वाचायचाय? मग भांडणारी पुस्तकं जोडीने घे

पत्र असं आलंय:

"ताई, मी २६ वर्षांचा आहे. शूटिंगच्या गेम्स खेळता खेळता बंदुकांच्या इतिहासाचं वेड लागलं. व्हिडिओ शेकड्याने बघून झाले. आत्याने वाढदिवसाला चार किलोचं चित्रांचं पुस्तक दिलं, त्यात हजारभर बंदुकांचे फोटो आणि प्रत्येकाखाली कॅलिबर, लांबी, वजन, साल. शंभर पानांनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या आणि डोक्यात काहीच राहिलं नाही. कुणी म्हणतं बंदूक चिन्यांनी शोधली, कुणी म्हणतं एका जर्मन पाद्र्याने, कुणी म्हणतं चिन्यांनी फक्त फटाके केले. नेमकं वाचायचं काय, सुरुवात कुठून करायची? मला इंजिनिअरिंग येत नाही, मी कॉमर्सवाला. एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं? आणि आई विचारते हे असलं कसलं वाचन, तिला काय सांगू? नाव छापू नका."

अरे, आधी आत्याच्या पुस्तकाचं बघू. ते फेकू नकोस आणि पुढे वाचूही नकोस. शब्दकोश पहिल्या पानापासून वाचून कुणाला भाषा येत नाही, तसंच आहे हे. दुसरं काहीतरी वाचताना नाव आलं की उघडायचं, फोटो बघायचा, मिटायचं. शंभर पानांनंतर सगळ्या बंदुका सारख्या दिसायला लागल्या यात तुझा काही दोष नाही, त्या पानांमध्ये प्रश्नच नाहीये कुठला, नुसती उत्तरं आहेत, ती पण कुणी न विचारलेली.

आता मला जे सांगायचंय ते. या विषयातली चांगली पुस्तकं एकमेकांशी भांडतात. एकाने म्हणायचं असं झालं, दुसऱ्याने म्हणायचं अजिबात नाही, आणि दोघांकडे पुरावे. म्हणून एकटं पुस्तक घेऊच नकोस, जोडी घे. एकटं घेतलं की तू त्या लेखकाचा भक्त होतोस आणि मग चार लोकांत तोंडघशी पडतोस. अनुभवाचे बोल आहेत. मी एकदा एका छोट्या गटापुढे मोठ्या रंगात सांगत होते की १५७५ साली जपानात नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या बड्या सरदाराने ३,००० बंदूकवाले तीन रांगांत उभे केले, पहिली रांग फैर झाडून मागे, मग दुसरी, मग तिसरी, आणि ताकेदांचं घोडदळ तिथेच संपलं. मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, हे कुठे आहे? मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले पुस्तकात नाही हो, त्या काळच्या नोंदीत कुठे आहे? घरी येऊन शोधत बसले तर नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्यूइचीच्या बखरीत बंदुका आहेत, त्यांनी उडालेला हाहाकार आहे, पण ती तीन रांगांची आळीपाळी काही नाही. ती आली नंतरच्या, मीठमसाला लावलेल्या चरित्रातून. गंमत म्हणजे चांगल्या चांगल्या इतिहासकारांनी पण ती गोष्ट उचललेली आहे, म्हणून मला फार वाईट वाटलं नाही, पण त्या दिवशी वाटलं होतं.

बरं, सुरुवात बंदुकीपासून करूच नकोस. दारूपासून कर. (आई ऐकत असेल तर बारूद म्हण.) नळी, चाप, दस्ता हे सगळं नंतरचं, खरी गोष्ट सोरा, गंधक आणि कोळसा यांची आहे. जॅक केली यांचं 'गनपावडर' हे २००४ चं पुस्तक त्यासाठी मस्त आहे, गोष्टीसारखं वाचत जातोस, कुठे अडखळत नाहीस, आठवड्याभरात संपेल. त्यात खोल काही नाही पण पाया बनतो. आणि ते संपलं की लगेच डेव्हिड क्रेसी यांचं 'सॉल्टपीटर: द मदर ऑफ गनपावडर' घे, २०१३ चं. हे सोऱ्यावर आहे, म्हणजे दारूत साधारण तीन चतुर्थांश जे असतं त्यावर. सोरा मिळायचा कुठून तर शेण-मूत मुरलेल्या मातीतून, तबेल्यातून, कबुतरखान्यातून. इंग्लंडमध्ये राजाची माणसं यायची आणि सरळ लोकांच्या घरातली जमीन खणायला घ्यायची, राजाचा हक्क म्हणून, आणि लोक वैतागायचे. पहिल्या चार्ल्सने तर १६२६ च्या सुमाराला फर्मानच काढलं की प्रजेने आपलं मूत्र साठवून ठेवावं, सोऱ्यासाठी लागतं. तोफ डागणारा दिसतो सगळ्यांना, तिच्यामागचा हा तबेला कुणाला दिसत नाही. हे वाचलंस की पुढे कुठलीही लढाई वाचताना तू आपोआप विचारशील की यांच्याकडे दारू आली कुठून.

कुणी शोधली याचं उत्तर. तुझ्या तीन मतांपैकी जर्मन पाद्रीवाला बाद. बर्टोल्ड श्वार्त्स नावाचा हा माणूस दंतकथा आहे, आणि ती दंतकथा जे. आर. पार्टिंग्टन या रसायनशास्त्राच्या इतिहासकाराने १९६० च्या 'अ हिस्टरी ऑफ ग्रीक फायर अँड गनपावडर' मध्ये नीट उलगडून बाजूला ठेवलीये. फटाकेवालं मत पण चुकीचं. दारूच्या कृती चीनमध्ये १०४४ च्या 'वूजिंग झोंगयाओ' या लष्करी ग्रंथात आहेत. ११३२ मध्ये देआन शहराच्या वेढ्यात आगीचे भाले वापरलेत, म्हणजे बांबूच्या नळीत दारू भरून भाल्याला बांधायची आणि समोरच्याच्या तोंडावर आगीचा लोट सोडायचा. मग त्या नळीत खडे, लोखंडाचे तुकडे घालायला लागले. मग नळी धातूची झाली. मग तुकड्यांऐवजी नळीच्या तोंडाला घट्ट बसेल अशी एकच गोळी. झाली की बंदूक! तेराव्या शतकाच्या अखेरच्या अशा काशाच्या नळ्या सापडल्यात, एकीवर तर १२९८ चं साल कोरलेलं आहे. युरोपात पहिलं चित्र १३२६ चं, इंग्लंडमधल्या एका हस्तलिखितात, फुलदाणीसारखी तोफ आणि तिच्या तोंडातून निघालेला बाण. हो, बाण. नळीतून काय सोडायचं हेच अजून ठरलं नव्हतं.

ही पायरी पायरीची साखळी जोसेफ नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना' च्या पाचव्या खंडाच्या सातव्या भागात मांडलीये, १९८६ साली. तो भाग सलग वाचायचा नाही, वाचताच येणार नाही, चित्रं बघायची आणि त्याखालचं वाचायचं. पार्टिंग्टनचं तसंच, अर्धं पुस्तक तळटीपा. पण लायब्ररीत असली दोन्ही तर एक दुपार घाल, म्हणजे इंटरनेटवर कुणी पाद्र्याची गोष्ट सांगितली की तुला हसू येईल, आणि मग तू कॉमेंटमध्ये वाद घालत बसशील, ते मात्र नको.

आता पहिली खरी जोडी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला स्वतःला ही सगळ्यात जास्त आवडते. प्रश्न असा की बंदूक चीनने शोधली, मग पुढे युरोप का गेला? केनेथ चेस, 'फायरआर्म्स: अ ग्लोबल हिस्टरी टू १७००', २००३ चं पुस्तक. चेस म्हणतात, नकाशा बघा, आणि शत्रू कोण होता ते बघा. सुरुवातीची बंदूक म्हणजे भरायला वेळ, नेम धड नाही, दारू ओली झाली की बोंब. ती चालते कुणावर? समोर दाटीने उभ्या असलेल्या पायदळावर, किंवा जागेवरून न हलणाऱ्या तटबंदीवर. पण मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या भटक्या घोडेस्वारांना ना तटबंदी ना दाटी. तू एक बार ठासेपर्यंत तो पाच बाण सोडून पसार. त्याचा पाठलाग करायचा तर पायदळाची रसद कोण वाहणार त्या माळरानावर. त्यामुळे ज्यांची डोकेदुखी भटके घोडेस्वार ही होती, म्हणजे चीन, पश्चिम आशिया, भारत, पूर्व युरोप, त्यांना बंदूक सुधारत बसण्यात तितका फायदा नव्हता. आणि जे दोन प्रदेश त्या गवताळ पट्ट्यापासून सगळ्यात सुरक्षित अंतरावर होते, पश्चिम युरोप आणि जपान, तिथेच ती झपाट्याने रुजली. वाचताना डोक्यात ट्यूब पेटते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढं साधं उत्तर! मी तर महिनाभर भेटेल त्याला हेच सांगत होते.

मग टोनियो आंद्राद वाचायचे. 'द गनपावडर एज', २०१६. हे म्हणतात थांबा, चीन मागे पडला हेच मुळात कुठल्या काळाबद्दल म्हणताय? युरोपने पंधराव्या शतकाच्या मध्यापासून तोफांत आघाडी घेतली हे खरं, पण सोळाव्या-सतराव्या शतकात चीनने ती बरीच भरून काढली. ची जिग्वांग नावाच्या सेनापतीच्या १५६० च्या पुस्तकात बंदूकवाल्यांनी आळीपाळीने फैरी कशा झाडायच्या याची कवायत लिहिलेली आहे, आणि युरोपात नासाऊच्या विल्यम लुई या डच बाजूच्या सरदाराने आपल्या चुलतभावाला तशा कवायतीचं पत्र लिहिलं ते १५९४ साली. १६६२ मध्ये तर झेंग चेंगगोंग या चिनी सेनानीने तैवानमधून डचांना त्यांच्या किल्ल्यासकट उठवून लावलं. मोठी दरी पडली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चीनमध्ये लांबलचक शांतता होती तेव्हा, आणि ती १८३९ ला ब्रिटनबरोबरच्या अफूच्या युद्धात उघडी पडली. आणि मला सगळ्यात पटलेला मुद्दा भिंतींचा. युरोपातले मध्ययुगीन तट उंच पण बारीक, त्यामुळे तोफ मारली की पडायचे, म्हणून तोफा मोठ्या करण्यात अर्थ होता. चिनी शहरांचे तट म्हणजे आत माती ठासलेले, उताराचे, इतके जाड की तिथे असल्या तोफेने काय होणार? मग कोण कशाला बनवेल भिंत पाडायची तोफ. म्हणजे बघ, चेस म्हणतात शत्रू बघा, आंद्राद म्हणतात भिंत बघा आणि शांततेची वर्षं मोजा. दोघांपैकी कोण बरोबर हे मी सांगणार नाही. माझा कल आंद्रादकडे आहे, पण चेस आधी वाचले नसते तर आंद्राद काय म्हणतायत हेच मला कळलं नसतं.

दुसरी जोडी युरोपातली. मायकल रॉबर्ट्स नावाच्या इतिहासकाराने १९५५ मध्ये बेलफास्टला एक व्याख्यान दिलं, की सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात 'लष्करी क्रांती' झाली. तेव्हापासून भांडण जे सुरू आहे ते आहेच. जेफ्री पार्कर यांचं 'द मिलिटरी रेव्होल्यूशन', १९८८, हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक: तोफांना तोंड द्यायला बसके, कोनाकोनाचे, टोकदार बुरुजांचे किल्ले आले, ते घ्यायला प्रचंड सैन्य लागायला लागलं, सैन्य पोसायला कर आणि कारकून, आणि त्यातून आधुनिक राज्य. (आजोबांनी मला पकडलं तो नागाशिनोचा मुद्दा या पुस्तकात पण आहे, सांगून ठेवते.) त्याच्या शेजारी बर्ट हॉल यांचं 'वेपन्स अँड वॉरफेअर इन रेनेसाँ युरोप', १९९७, ठेव. हॉल म्हणतात क्रांतीबिंती नंतर, आधी दारू दाणेदार कशी झाली ते बघा, सोरा किती महाग होता ते बघा, आणि गुळगुळीत नळीतून गोल गोळी नेमकी जाते कशी ते बघा. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या जुन्या शस्त्रागारातल्या खऱ्याखुऱ्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या बंदुका १९८८-८९ मध्ये चौकटीत घट्ट बसवून उडवून बघितल्या होत्या, त्याचे आकडे हॉल वापरतात. वेग दणदणीत, सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास आणि वर, म्हणजे ताकदीत काही कमी नाही. पण नेम? माणसाचा हात मध्ये नसूनही गोळ्या अशा विखुरल्या की बस. गोल गोळी नळीत आपटत, कशीही फिरत बाहेर पडते आणि हवेत भरकटते. म्हणून तर रांगा लावून फैरी झाडायच्या, कारण एकेकट्याच्या नेमाला अर्थच नव्हता. तुझ्या गेममध्ये जुन्या बंदुकीने लांबून डोक्यात गोळी बसते ना, ते विसर.

इंजिनिअरिंग येत नाही म्हणतोस, त्याची भीती नको. लागतं ते एवढंच. तोड्याची बंदूक म्हणजे जळती वात, चाप ओढला की वात रंजकात, म्हणजे बाहेरच्या वाटीतल्या चिमूटभर दारूत, टेकते, रंजक पेटलं की आतला बार उडतो. पाऊस आला की खेळ खलास आणि रात्री शत्रूला ठिणग्या दिसतात. मग चकमकीची, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी, हिचं पुढे पक्कं झालेलं रूप फ्रान्समध्ये १६१० च्या सुमाराला मारँ ल बुर्जवा या कारागिराच्या नावावर आहे, आणि ते दोनशे वर्षं टिकलं, विचार कर, दोनशे वर्षं. मग अलेक्झांडर फोरसाइथ, हा मात्र खराखुरा स्कॉटिश पाद्री, पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन, चकमकीचा भपका बघून पक्षी उडून जातात म्हणून वैतागला आणि ठोका बसला की पेट घेणाऱ्या रसायनाचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं. त्यातून पुढे टोपीची बंदूक, म्हणजे ते रसायन छोट्या धातूच्या टोपीत. मग १८४९ च्या सुमाराला मिनिएची गोळी, जी ठासताना सैल जाते आणि उडताना फुगून नळीतल्या आट्यांत (आतल्या वळणदार खाचांत) घट्ट बसते, त्यामुळे नेम एकदम लांबवर. मग ठासणी जाऊन मागून भरायची काडतुसं, मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयची बिनधुराची दारू. संपलं इंजिनिअरिंग. यापेक्षा जास्त हवंच असेल तर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचं 'द गन अँड इट्स डेव्हलपमेंट' चाळ, मूळ १८८१ चं, नववी आवृत्ती १९१० ची. लेखक स्वतः बंदूक बनवणारा होता, त्यामुळे नळी कशी घडवतात, जोडतात हे वाचायला बहार येते, प्राचीन इतिहासाची प्रकरणं मात्र सोड, ती कधीच शिळी झालीत, आणि आपल्याच मालाचं कौतुक करणारा दुकानदार म्हणून थोडी सूट दे. तसं बघितलं तर आपण पण हे सगळं रोज बोलतोच, फुसका बार, बत्ती देणं, ठासून भरणं, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक. बंदुका गेल्या, भाषेत धूर राहिला.

आता कॉमर्सवाल्या, हा भाग तुझा. बंदूक ही लढाईची वस्तू जितकी तितकीच कारखान्याची. एकाच मापाचे, कुठल्याही बंदुकीत बसणारे सुटे भाग ही कल्पना इथेच रांगली आणि मग घड्याळं, शिवणयंत्रं, सायकली, मोटारी. शाळेत शिकवतात की हे अमेरिकेत एली व्हिटनीने केलं. १७९८ मध्ये त्याने सरकारकडून १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं, १८०१ मध्ये मोठ्या लोकांपुढे सुट्या भागांचं प्रात्यक्षिक करून वाहवा मिळवली, आणि शेवटचा माल पोचवला १८०९ मध्ये! दोन-अडीच वर्षांचं काम दहा वर्षं. आणि पुढे लोकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून बघितल्या तर भाग एकमेकांत बसेनात. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँक त्याच्या आधीच हे करत होता, जेफरसनने १७८५ मध्ये पॅरिसहून पत्रात लिहिलंय की मी स्वतः भागांच्या ढिगातून कुठलेही उचलून जोडून बघितले, बसले. ब्लाँकची गोष्ट केन आल्डर यांच्या 'इंजिनिअरिंग द रेव्होल्यूशन' मध्ये आहे, जरा जड आहे. अमेरिकेची खरी गोष्ट मेरिट रो स्मिथ यांच्या 'हार्पर्स फेरी आर्मरी अँड द न्यू टेक्नॉलॉजी' मध्ये, १९७७. हे माझं लाडकं. १८२० च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी बंदूक-कारखान्यात जॉन हॉल नावाच्या माणसाने खरंच जमवून दाखवलं, पण स्मिथ यांना त्याहून रस आहे तो तिथल्या कारागिरांत, ज्यांना आपल्या वेळेने यायची, आपल्या हाताने पूर्ण वस्तू करायची सवय होती, आणि आता भोंगा आणि शिस्त आणि मोजमाप आलं. १८३० मध्ये नव्या कडक सुपरिंटेंडंटला, थॉमस डन नाव त्याचं, एका कामावरून काढलेल्या कारागिराने ऑफिसात घुसून गोळी घातली. बंदुकीच्या कारखान्यात! ऑफिस-कारखान्याच्या राजकारणावर यापेक्षा चांगलं पुस्तक मी वाचलेलं नाही.

याच्या जोडीला प्रिया सत्या यांचं 'एम्पायर ऑफ गन्स', २०१८. बर्मिंगहॅममध्ये गॉल्टन घराणं, क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्धाला विरोध हा ज्यांचा धर्म, आणि धंदा बंदुकांचा. १७९५ च्या सुमाराला पंथाने जाब विचारला तेव्हा सॅम्युअल गॉल्टन म्हणाला, या गावात युद्धाच्या पैशाला हात न लावलेला कोण आहे ते दाखवा, बटणं करणारा, तांबं देणारा, कर भरणारा, सगळेच यात आहेत की. सत्या यांनी त्याचं म्हणणं खरं मानून अख्खी औद्योगिक क्रांती त्या नजरेने बघितली आहे. पुस्तक जाडजूड, पुनरुक्ती आहे, आणि युद्धामुळेच क्रांती झाली हे काही सगळ्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना पटलेलं नाही. पण गॉल्टनची प्रकरणं वाच, तेवढ्यासाठी पुस्तक घ्यावं.

एक पुस्तक तुला कुणीतरी नक्की सुचवेल, छोटं आणि सुंदर लिहिलेलं, नोएल पेरिन यांचं 'गिव्हिंग अप द गन', १९७९. जपानने १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडून बंदूक घेतली, त्यात पारंगत झाले, आणि मग ठरवून ती सोडून पुन्हा तलवारीकडे गेले, अशी मांडणी. पेरिन इंग्रजीचे प्राध्यापक होते, इतिहासकार नव्हते, आणि पुस्तक लिहिलं ते अणुबॉम्बच्या भीतीच्या काळात, माणूस शस्त्र सोडू शकतो हे त्यांना सांगायचं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की सोडलीबिडली काही नव्हती, सरदारांच्या कोठारांत बंदुका होत्या, नेमबाजीच्या शाळा चालू होत्या, शेतकरी रानडुकरं हाकलायला वापरत होते, लढायाच थांबल्या होत्या इतकंच. वाच जरूर, पण गोष्ट म्हणून.

आणि याहून वाईट उदाहरण मायकल बेलेसाइल्स यांचं 'आर्मिंग अमेरिका', २००० सालचं. म्हणणं असं की सुरुवातीच्या अमेरिकेत बंदुका फारशा नव्हत्याच, पुरावा मृत लोकांच्या मालमत्तेच्या याद्या. मानाचं बॅनक्रॉफ्ट पारितोषिक मिळालं, पेपरांत कौतुक. मग काही लोकांनी त्या याद्या स्वतः तपासायला घेतल्या आणि आकडे जुळेनात, विद्यापीठाने चौकशी नेमली, त्यांनी नोकरी सोडली, आणि डिसेंबर २००२ मध्ये पारितोषिक चक्क परत घेतलं गेलं. हे सांगते कारण बंदूक हा विषय आजच्या राजकारणात इतका अडकलेला आहे की वाचणाऱ्याला जे ऐकायचंय तेच सांगणारं पुस्तक पटकन डोक्यावर घेतलं जातं. तू नवीन पुस्तक उघडलंस की आधी मागची पानं बघ, लेखकाने मूळ कागद कुठले बघितले, आणि जिथे आकडा फारच सोयीचा वाटतो तिथे पेन्सिलने खूण कर.

मशीनगनवर दोनच सांगते. जॉन एलिस यांचं 'द सोशल हिस्टरी ऑफ द मशीन गन', १९७५, बारीकसं, दोन बैठकीत होतं, आणि वाचून राग येतो. मॅक्सिमने धक्क्याच्या जोरावर आपोआप चालणारी बंदूक १८८४ च्या सुमाराला बनवली, १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानला ब्रिटिशांच्या फौजेने तिच्यासकट आधुनिक बंदुका-तोफांनी एका सकाळीत १०,००० च्या वर माणसं मारली आणि त्यांचे स्वतःचे ५० सुद्धा मेले नाहीत. हे ज्यांनी केलं तेच लष्कर युरोपातल्या युद्धात मात्र घोडा आणि हिंमत यांच्यावर विसंबून राहिलं, कारण एलिस म्हणतात, मशीनगन ही 'त्यांच्यावर' वापरायची गोष्ट होती, आपल्यासारख्या सभ्य लोकांच्या युद्धात तिचं काय काम. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी एकट्या ब्रिटिश सैन्याचे १९,२४० मेले. आणि सी. जे. चिव्हर्स यांचं 'द गन', २०१०, एके-४७ चं चरित्र म्हणायला हरकत नाही. लेखक आधी सैन्यात, मग पत्रकार. ती बनवणारा कलाश्निकोव्ह हा एकटा प्रतिभावान सार्जंट ही सोव्हिएत गोष्ट ते हळूहळू सोलतात, मागे कमिट्या होत्या, स्पर्धा होत्या, सरकारी यंत्रणा होती. व्हिएतनाममध्ये अमेरिकन एम-१६ ऐन लढाईत अडकायच्या त्याबद्दलची प्रकरणं वाचताना झोप उडते. हाताने फिरवायची, भराभर गोळ्या झाडणारी बंदूक काढणाऱ्या गॅटलिंगने १८७७ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की एका माणसाने शंभराचं काम केलं तर सैन्यं छोटी होतील आणि माणसं वाचतील. चिव्हर्स हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात सांगतात आणि पुढचं अख्खं पुस्तकभर ते वाक्य डोक्यात वाजत राहतं.

बाकी प्रदेशाप्रमाणे जे हवं ते. ऑटोमन तोफांसाठी गाबोर आगोश्टन यांचं 'गन्स फॉर द सुलतान', मध्ययुगीन भारतासाठी इक्तिदार आलम खान यांचं 'गनपावडर अँड फायरआर्म्स'. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी बंदूक कशी हातात घेतली त्यासाठी डेव्हिड सिल्व्हरमन यांचं 'थंडरस्टिक्स', आणि त्याच्या समोर जाकोमो माकोला यांचं 'द गन इन सेंट्रल आफ्रिका', ज्यात काही समाजांनी बंदूक डोक्यावर घेतली आणि न्गोनी लोकांनी हे काय मर्दाचं शस्त्र आहे का म्हणून नाक मुरडलं. दोन्ही २०१६ ची, ही पण जोडी झाली.

सगळं एका वर्षात नको. केली आणि क्रेसी, मग चेस आणि आंद्राद, एवढ्यात सहा महिने जाऊ दे. एकच पुस्तक कोणतं असं विचारलंयस, तर एकच मी सांगणार नाही, चेस आणि आंद्राद सांगीन, आणि दोन्ही जमत नसेल तर चेस विकत आणि आंद्राद लायब्ररीतून.

राहिली आई. तिला इतिहासाचं महत्त्व वगैरे समजावत बसू नकोस, कुठल्याच आईला ते पटलेलं मी बघितलं नाही. क्रेसी आणलंस की संध्याकाळी तिच्याशेजारी बस आणि पहिल्या चार्ल्सचं ते मूत्र साठवायचं फर्मान मोठ्याने वाचून दाखव. पुढचं पान तीच विचारेल.